उष्णतेत ‘निमो’ छोटा होऊन वाचला म्हणे! पण त्याच वर्षी तांबड्या समुद्रात काय झालं, ते कुणी सांगितलं का?

मे २०२५ मध्ये एक बातमी सोशल मीडियावर जोरात फिरली. समुद्राचं पाणी तापलं की क्लाउनफिश नावाचा मासा स्वतःला छोटा करून घेतो. बारीक नव्हे, छोटा. पोट खपाटीला जाणं वेगळं. इथे तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबीच कमी होते. आणि मासा तोच, केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा, २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या सिनेमामुळे घराघरात पोचलेला.

बातमी खरी होती. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आलेल्या संशोधनावर ती आधारलेली होती. पण रील बनता बनता तिचा अर्थ बदलला. ‘बघा, निसर्ग आपला मार्ग बरोबर काढतो’ असा सूर लागला. हवामान बदलाची एवढी काळजी कशाला, मासेसुद्धा जुळवून घेतायत, असं सांगणाऱ्यांना आयता पुरावा मिळाला.

गडबड अशी की, ज्या २०२३ सालात पापुआ न्यू गिनीजवळचे हे मासे छोटे होऊन तगले, त्याच २०२३ सालात तांबड्या समुद्रात त्यांचे भाऊबंद जवळजवळ नामशेष झाले. तेही छोट्या-मोठ्या संख्येनं नाही, काही ठिकाणी तर शंभर टक्के. त्या अभ्यासाची रील फारशी कुणी बनवली नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तरच निमोचं आज काय चाललंय ते कळतं.

आधी किंबेची गोष्ट

पापुआ न्यू गिनी हा देश ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आहे. त्याच्या न्यू ब्रिटन बेटाला लागून किंबे नावाचा उपसागर आहे. ‘कोरल ट्रँगल’ म्हणून जो सागरी पट्टा ओळखला जातो त्यात हा भाग येतो. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, तिमोर-लेस्ते, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी अशा सहा देशांच्या समुद्राचा हा पट्टा. जगात प्रवाळाच्या जितक्या जाती माहीत आहेत त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश इथे सापडतात. क्लाउनफिशचं माहेरघर म्हणावं असा हा भाग.

ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या मेलिसा व्हर्स्टीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या क्लाउनफिशच्या १३४ माशांवर लक्ष ठेवलं. फेब्रुवारी ते ऑगस्ट २०२३ या काळात दर महिन्याला प्रत्येक माशाची लांबी मोजायची आणि दर चार-सहा दिवसांनी पाण्याचं तापमान नोंदवायचं. याच काळात तिथे समुद्री उष्णतेची लाट आली. जमिनीवर येते तशीच समुद्रातही उष्णतेची लाट येते, फक्त ती आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही मुक्काम ठोकते.

निकाल पाहून संशोधकही चकित झाले. १३४ पैकी १०१ मासे कधी ना कधी आखूड झाले होते. मोजण्यातली चूक असावी असं आधी कुणालाही वाटेल, कारण मणका असलेला पूर्ण वाढीचा प्राणी लांबीनं कमी होतो हे सहसा ऐकिवात नसतं. पण आकडे तेच सांगत राहिले. जे मासे आखूड झाले त्यांची तगण्याची शक्यता ७८ टक्क्यांपर्यंत वाढली. त्यातही नर-मादी दोघं बरोबरीनं आखूड झाली तर त्यांचं जास्त चांगलं निभावलं. लाट ओसरल्यावर यातले काही मासे भराभर वाढून पुन्हा लांबीला आले.

असं करणारा दुसरा प्रसिद्ध प्राणी म्हणजे गालापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना. एल निनोच्या वर्षात खायला शेवाळ मिळेनासं झालं की तो सरडाही लांबीला कमी होतो. त्याच्याबाबतीत शरीर स्वतःचंच हाड थोडंथोडं वापरून टाकत असावं असं मानलं जातं. क्लाउनफिशमध्ये नेमकं काय होतं, ते अजून शास्त्रज्ञ शोधतायत. का होतं, याचा अंदाज मात्र सोपा आहे. गरम पाण्यात शरीर चालवायला ऊर्जा जास्त लागते, शिवाय पाण्यातला ऑक्सिजनही कमी होतो. शरीर छोटं तर खर्चही छोटा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हा मासा अंथरूण पाहून पायच आखूड करतो.

हे अंथरूण म्हणजे नेमकं काय?

इथे आपल्या गोष्टीतलं दुसरं पात्र येतं, आणि खरं म्हणजे तेच मुख्य पात्र आहे. त्याचं नाव समुद्रफूल, म्हणजेच सी ॲनिमोन.

दिसायला फूल, पण हा प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या नात्यातला. खडकाला बूड चिकटवून बसतो आणि बोटांसारखे शेकडो मऊ तंतू पाण्यात हलवत राहतो. त्या तंतूंमध्ये सूक्ष्म विषारी काटे असतात. एखादा लहान मासा चुकून लागला की काटे सुटतात, मासा लुळा पडतो आणि समुद्रफुलाचं जेवण होतं.

क्लाउनफिश नेमका याच तंतूंमध्ये लोळतो, झोपतो, पोरं वाढवतो. त्याला काटे टोचत कसे नाहीत, हा प्रश्न अनेक दशकं पडलेला होता. जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये त्याचं एक उत्तर पुढे आणलं. बहुतेक प्राण्यांच्या अंगावरच्या चिकट थरात सायलिक ॲसिड नावाची एक साखर असते, आणि तिच्या संपर्कानं समुद्रफुलाचे काटे सुटतात. क्लाउनफिशच्या अंगावरच्या थरात ही साखर अगदी कमी असते. थोडक्यात, समुद्रफुलाच्या दारावरची घंटाच तो वाजू देत नाही.

या सोयीची किंमतही त्यानं मोजलीय. क्लाउनफिश पोहायला अगदीच बेताचा. उघड्या पाण्यात सापडला तर मोठ्या माशाच्या तोंडी जायला वेळ लागत नाही. म्हणून तो घरापासून हातभर अंतरापलीकडे सहसा जातच नाही. जगात क्लाउनफिशच्या साधारण ३० जाती आहेत, सगळ्या हिंद आणि प्रशांत महासागराच्या उबदार पट्ट्यात. अटलांटिकमध्ये एकही नाही. (त्यामुळे कॅरिबियन बेटांवर ‘निमो दिसला’ असा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो पुढे ढकलण्याआधी जरा थांबा.) समुद्रफुलांच्या हजारभर जाती असतील, पण या माशांना घर देणाऱ्या जाती जेमतेम १०. काही क्लाउनफिशना तर त्यातल्याही एक-दोनच चालतात.

नातं एकतर्फी नाही. फुलपाखरू मासे समुद्रफुलाचे तंतू कुरतडायला येतात, त्यांना हा टीचभर मासा हुसकावून लावतो. रात्री तंतूंमध्ये शेपटी हलवत राहतो त्यानं ताजं पाणी खेळतं. त्याच्या विष्ठेतलं आणि मूत्रातलं अमोनिया हे समुद्रफुलासाठी खत ठरतं. ज्या समुद्रफुलात क्लाउनफिश असतात ते जास्त वाढतं आणि जास्त जगतं, हे अनेक निरीक्षणांतून दिसलंय.

घरात एकच राणी, आणि तिचा नियम

छोटं होण्याची गोष्ट नीट समजायची तर या घरातली उतरंड माहीत हवी. एका समुद्रफुलात सहसा एकच कुटुंब राहतं. सगळ्यात मोठी असते ती मादी. तिच्याखालोखाल तिचा नर. बाकीचे दोन-चार लहान मासे त्यांच्याखाली क्रमानं. हे लहान मासे या जोडप्याची पोरं नसतात, बाहेरून वाहत आलेली असतात आणि त्यांना प्रजननाचा हक्क नसतो. रांगेत उभं राहायचं, एवढंच.

मादी मेली तर? नर मादी बनतो. खरोखर बनतो, त्याची जननग्रंथी बदलते आणि रांगेतला पुढचा मासा नराच्या जागी येतो. सिनेमात निमोची आई सुरुवातीलाच मरते आणि बाप त्याला शोधत सगळा समुद्र पालथा घालतो. जीवशास्त्राप्रमाणे त्या बापाची एव्हाना आई व्हायला हवी होती. हा विनोद इंटरनेटवर जुना आहे, पण त्यामागचं शास्त्र पक्कं आहे.

रांग टिकते ती आकारावर. पीटर बस्टन या शास्त्रज्ञानं २००३ मध्ये दाखवून दिलं की खालचे मासे आपली वाढ मुद्दाम रोखून धरतात, वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहानच राहतात. फार मोठा झालास तर वरचा तुला धोका समजणार आणि घराबाहेर काढणार. आणि घराबाहेर म्हणजे मरण. त्यामुळे शरीराची लांबी कमी-जास्त करण्याची यंत्रणा या माशाकडे आधीपासूनच होती. किंबेत जोडीनं आखूड झालेले मासे जास्त का तगले, याचाही एक धागा इथे सापडतो. एकटा नर आखूड झाला आणि मादी नाही, किंवा उलटं झालं, तर आकारांमधलं अंतर बिघडतं आणि घरात भांडणं लागतात. दोघं मिळून आखूड झाली तर रांग जशीच्या तशी राहते.

शिस्तीत राहण्याचं फळही मोठं आहे. एका अंदाजानुसार या जातीची मादी ३० वर्षांपर्यंत जगू शकते. एवढ्याशा माशासाठी हे आयुष्य विलक्षण लांब. पण त्याचाच अर्थ असा की घर एकदा गेलं की ३० वर्षांची मांडणी एका उन्हाळ्यात संपते.

आणि तांबड्या समुद्रात तेच झालं

तांबड्या समुद्रात दोन पांढऱ्या पट्ट्यांचा एक क्लाउनफिश आहे. हा समुद्र आणि त्याला लागून असलेलं एडनचं आखात सोडलं तर तो फारसा कुठे सापडत नाही. सौदी अरेबियाच्या किनाऱ्यालगतच्या मध्य तांबड्या समुद्रातल्या तीन प्रवाळ खडकांवर बोस्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधक या माशांची आणि त्यांच्या समुद्रफुलांची नोंद ठेवत होते. २०२३ मध्ये तिथेही उष्णतेची लाट आली.

या तीन खडकांवरची झाडून सगळी समुद्रफुलं पांढरी पडली. लाट ओसरली तोवर ६६ ते ९४ टक्के समुद्रफुलं मेली होती. क्लाउनफिशचं प्रमाण त्याहून भयानक होतं: ९४ ते १०० टक्के.

पुन्हा एकदा ते आकडे पाहा. समुद्रफुलांपेक्षा मासे जास्त मेले. म्हणजे काही घरं पुढे सावरली, पण ती सावरेपर्यंत भाडेकरू उरले नव्हते. आणि हा तांबडा समुद्र काही नाजूक प्रकृतीचा समुद्र नव्हे. जगातल्या सगळ्यात उष्ण समुद्रांपैकी तो एक. तिथले प्रवाळ उष्णतेला सरावलेले, म्हणून भविष्यात जगभरातले प्रवाळ गेले तरी इथले टिकतील अशी आशा बरेच शास्त्रज्ञ बाळगून होते, विशेषतः त्याच्या उत्तरेकडच्या भागाबद्दल.

मग किंबेत जे जमलं ते इथे का नाही? दोन्ही ठिकाणच्या जाती वेगळ्या, लाटांची तीव्रता वेगळी, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही. पण एक फरक अगदी उघड आहे. किंबेत आखूड होऊन वाचलेले मासे महिन्यामागून महिना आपापल्या समुद्रफुलातच सापडत राहिले. त्यांना राहायला जागा होती. छोटं होण्यानं माशाचा स्वतःचा खर्च कमी होतो. समुद्रफुलाचा जीव त्यानं वाचत नाही.

पांढरं पडणं म्हणजे काय?

ब्लीचिंग हा शब्द बातम्यांत सारखा येतो. समुद्रफुलाच्या आणि प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शेवाळ राहतं. सूर्यप्रकाशावर ते साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. रंगातही या शेवाळाचा मोठा हात असतो. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अवघा एक अंश जास्त राहिलं आणि तसंच काही आठवडे टिकलं, की या शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून घातक रसायनं तयार होऊ लागतात आणि यजमान ते शेवाळ बाहेर टाकतो. खाली उरतं पारदर्शक मांस. समुद्रफूल लगेच मरत नाही, पण त्याचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं. नाही निवलं तर ते आक्रसत आक्रसत संपतं. क्लाउनफिशना घर देणाऱ्या १० पैकी किमान ७ जाती अशा पांढऱ्या पडताना पाहिल्या गेल्यात.

घर पांढरं पडलं पण मेलं नाही, तर माशाचं काय होतं? याचं उत्तर फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर मिळालं. २०१६ च्या एल निनोत तिथली सुमारे निम्मी समुद्रफुलं पांढरी पडली. त्यांच्यात राहणाऱ्या माशांच्या रक्तात ताणाचं हार्मोन वाढलं, प्रजननाची हार्मोन्स घसरली आणि त्यांच्यापासून होणारी अंडी तब्बल ७३ टक्क्यांनी कमी झाली. शेजारच्याच रंगीत समुद्रफुलांमधले मासे मात्र ठणठणीत होते. पाणी तेच, तापमान तेच. म्हणजे त्रास थेट उष्णतेचा कमी आणि घराच्या पडझडीचा जास्त होता. काही महिन्यांनी पाणी निवलं, शेवाळ परतलं आणि मासेही सावरले.

मोरेआच्या कहाणीचा शेवट गोड झाला तो त्या ‘काही महिन्यांनी’मुळे. दोन लाटांमधल्या त्या उसंतीवर सगळं अवलंबून आहे, आणि तीच कमी होत चाललीय.

अमेरिकेची नोआ ही हवामान आणि समुद्र संस्था जगभरच्या ब्लीचिंगची नोंद ठेवते. सगळ्या महासागरांत एकाच वेळी पसरलेल्या ब्लीचिंगच्या आतापर्यंत चार घटना झाल्यात. १९९८ मधल्या पहिल्या घटनेत जगातल्या २१ टक्के प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसावी लागली. २०१० मध्ये ३७ टक्के. २०१४ ते २०१७ मध्ये ६८ टक्के. चौथी घटना २०२३ च्या सुरुवातीला चालू झाली, एप्रिल २०२४ मध्ये तिच्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं आणि २०२५ पर्यंत तिनं सुमारे ८४ टक्के क्षेत्राला वेढलं होतं. उष्णता इतकी वाढली की नोआला इशाऱ्याच्या जुन्या पायऱ्या पुरेनात. डिसेंबर २०२३ मध्ये वर आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या.

मग निमोचा शत्रू कोण? काचेची टाकी?

‘फाइंडिंग निमो’चा संदेश होता की मासे काचेच्या टाकीत कोंडू नका. सिनेमा पाहून लोकांनी नेमकं उलटं केलं, क्लाउनफिशची मागणी भडकली आणि समुद्र रिकामा झाला, अशी गोष्ट गेली वीस वर्षं सांगितली जातेय. ती अर्धीच खरी आहे.

समुद्रातून पकडण्यानं नुकसान होतं, यात शंका नाही. फिलिपिन्समधल्या सेबू परिसरात जिथे टाक्यांसाठी पकड होते तिथे क्लाउनफिश आणि समुद्रफुलं दोन्ही विरळ झालेली आढळली. आणि पकडणारे कधी नुसता मासा नाही, समुद्रफूलच उपटून नेतात. मासा नेला तर रांगेतला पुढचा जागा भरतो. घर नेलं तर रांगच संपते.

पण क्लाउनफिश हा टाकीत वाढवायला सगळ्यात सोपा सागरी मासा आहे. तो अंडी एका जागी, खडकाला चिकटवून घालतो, नर त्यांची राखण करतो, आणि पिल्लं साधारण आठवडाभरात बाहेर पडतात. त्यामुळे त्याची पैदास हॅचरीत करायला माणूस फार आधी शिकला. परदेशातल्या दुकानांत आज अंगावर नक्षी काढल्यासारखे ‘डिझायनर’ क्लाउनफिश मिळतात ते हॅचरीतच जन्मलेले. डोरी नावानं प्रसिद्ध झालेल्या निळ्या टँग माशाबाबत हे २०१६ पर्यंत कुणाला जमलं नव्हतं. म्हणजे डोरीची काळजी करायला जागा होती, निमोची तुलनेनं कमी.

भारतातही केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय. आपल्या नवी मुंबईत, ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी मिळून शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी केलीय. खाडीकाठच्या लोकांना लहान मासे द्यायचे, त्यांनी ते वाढवून विकायचे, असा त्यामागचा विचार. टाकीसाठी मासा हवाच असेल तर तो प्रवाळातून ओरबाडलेला असण्यापेक्षा ऐरोलीत जन्मलेला असावा, हे कधीही बरं. दुकानात ‘हॅचरीचा आहे का?’ एवढं विचारलं तरी फरक पडतो.

पण हॅचरीनं निमो वाचेल, असं जे काही ठिकाणी लिहिलं जातं त्याला मात्र अर्थ नाही. मासे कमी पडतायत असा प्रश्नच नाही. हॅचरीतले हजार मासे उद्या तांबड्या समुद्रातल्या त्या तीन खडकांवर नेऊन सोडले तर ते राहणार कुठे? समुद्रफूल नसलेल्या खडकावर सोडलेला क्लाउनफिश म्हणजे मोठ्या माशांना वाढलेलं ताट. आणि समुद्रफुलं सावकाश वाढतात, सावकाश पसरतात. माशाइतक्या वेगानं ती टाकीत तयार करून समुद्रात लावणं अजून कुणाला मोठ्या प्रमाणावर जमलेलं नाही.

नैसर्गिकरीत्याही तीच अडचण येते. अंड्यातून निघालेली पिल्लं दहा-बारा दिवस उघड्या समुद्रात वाहत राहतात. मग वासाच्या आधारानं समुद्रफूल शोधून उतरतात. दूरच्या खडकावरून वाहत आलेलं पिल्लू एखादा उजाड खडक पुन्हा वसवू शकतं. उतरायला समुद्रफूलच नसेल तर ते पिल्लू तिथेच संपतं.

आपल्या जवळचा निमो

क्लाउनफिश पाहायला भारतीयांना ऑस्ट्रेलिया किंवा पापुआ न्यू गिनी गाठायची गरज नाही. अंदमान आणि लक्षद्वीप या दोन्ही ठिकाणी ते आहेत. महाराष्ट्रातून स्कूबा करायला जाणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये तिथल्या क्लाउनफिशचे व्हिडिओ हमखास सापडतील.

लक्षद्वीपमध्ये काय चाललंय याचा लांब पल्ल्याचा हिशोब उपलब्ध आहे. आगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांभोवती १९९८ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे २४ वर्षं, प्रवाळाचं मोजमाप झालं. सुरुवातीला समुद्रतळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळानं झाकलेला होता. शेवटी तो १९ टक्क्यांच्या आसपास उरला. निम्म्यावर. या काळात १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे फटके बसले. प्रत्येक फटक्यानंतर प्रवाळ सावरायचे, पण ही सावरण्याची गती खऱ्या अर्थानं वाढायला किमान सहा वर्षांची शांतता लागते, असं संशोधकांना दिसलं.

आता तारखा पाहा. १९९८ ते २०१० मध्ये बारा वर्षं मिळाली. २०१० ते २०१६ मध्ये बरोबर सहा. मग ऑक्टोबर २०२३ पासून लक्षद्वीपचा समुद्र पुन्हा तापू लागला आणि मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं तिथे मोठं ब्लीचिंग झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे २०१६ नंतर सात-आठ वर्षं. गती कुठे धरतेय न धरतेय तोच पुढचा फटका.

हे मोजमाप प्रवाळाचं आहे, समुद्रफुलांचं नाही. समुद्रफुलं आणि त्यातले क्लाउनफिश यांची अशी दर वर्षीची मोजणी जगात फार कमी ठिकाणी होते. तांबड्या समुद्रातली पडझड इतक्या बारकाईनं कळली ती तिथे आधीपासून कुणीतरी मोजत बसलं होतं म्हणून. जिथे असं कुणी नसतं तिथे पुढच्या मोसमात गेलेल्या पर्यटकाला मासा दिसत नाही, गाइड म्हणतो ‘आज नशीब नाही’, आणि बोट पुढच्या जागेकडे वळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जगभरातल्या १६० शास्त्रज्ञांनी मिळून एक अहवाल मांडला. उबदार समुद्रातले प्रवाळ आता परतीच्या वाटेपलीकडे जातायत, असं त्यात म्हटलंय. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत १.२ अंश वाढ ही त्यांच्या सहनशक्तीची सीमा असावी, आणि पृथ्वी सध्या १.४ अंशांच्या आसपास आहे. काही प्रवाळ अभ्यासकांना ही भाषा जास्त टोकाची वाटते. सगळे प्रवाळ एकाच वेळी, एकाच पद्धतीनं जाणार नाहीत असं त्यांचं म्हणणं. तांबडा समुद्र आणि किंबे यांच्यातला फरक पाहिला तर त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. काही जागा टिकतील. कुठल्या, हे ठरवायला मोजणारी माणसं हवीत आणि त्या जागांवर उष्णतेशिवाय आणखी ओझं नको: सांडपाणी नको, बोटींचे नांगर नकोत, समुद्रफुलं उपटणं नको. ही कामं स्थानिक पातळीवर करता येतात आणि त्यासाठी कुठल्या जागतिक कराराची वाट पाहावी लागत नाही. पाणी तापणं थांबवण्यासाठी मात्र कोळसा, तेल आणि वायूचा धूर कमी करण्यावाचून दुसरा उपाय नाही.

व्हर्स्टीग यांच्या चमूसमोर आता पुढचा प्रश्न आहे: लाटांमागून लाटा आल्या तर हे मासे किती वेळा छोटे होऊ शकतात? किंबेत एका लाटेनंतर त्यांना पुन्हा वाढायला सवड मिळाली होती.